मुलासाठी फ्लॅट घ्यायचा आणि त्यालाच भाड्याने द्यायचा: खरेदीपासून भाडेकरारापर्यंत

मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी पुण्यात राहते, दरमहा वीस हजार रुपये भाडे भरते, आणि गावाकडे आईवडिलांकडे निवृत्तीची किंवा जमीनविक्रीची थोडी रक्कम आहे. अशा घरांत हा प्रश्न हमखास निघतो: भाडे बाहेर का घालवायचे? आपणच फ्लॅट घेऊ, मुलाने भाडे आपल्याला द्यावे. हे कायदेशीर आहे आणि नीट केले तर उपयोगीही आहे. बिघडते ते बहुतेक एकाच कारणाने. घर भाड्याचे, भेटीचे की फुकट राहायला दिलेले, हे आधी ठरत नाही. कागद एक सांगतात, बँकेचे खाते दुसरे, आणि भावंडे तिसरेच समजून बसतात.

खालची उदाहरणे पुणे महापालिका हद्दीतल्या ६० लाखांच्या फ्लॅटची आहेत. मुंबई, नागपूर, नाशिकला आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

आधी ठरवा: भाडे कशासाठी?

बहुतेकांच्या डोक्यात पहिले उत्तर असते एचआरए, म्हणजे पगारातला घरभाडे भत्ता. मुलगा आपल्याला भाडे देईल, त्यावर त्याचा कर वाचेल. काही वर्षांपूर्वी हा हिशेब पक्का होता, आता बहुतेकांसाठी तो राहिलेला नाही. एचआरएची सूट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. नवी करपद्धत आता आपोआप लागू होते, आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून तिच्यात १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट वेगळी, म्हणजे पावणेतेरा लाख पगारापर्यंत मुलाला कर नाहीच. मग भाडेपावतीने वाचवायचे काय?

पगार मोठा असला तरी हिशेब करून पाहा. समजा पगार २० लाख, त्यात मूळ वेतन १० लाख, आणि भाडे महिना ३० हजार. एचआरएची सूट तीन रकमांपैकी सर्वांत कमी असते: प्रत्यक्ष मिळालेला एचआरए, शहराप्रमाणे मूळ वेतनाच्या ४० किंवा ५० टक्के, आणि भरलेल्या भाड्यातून मूळ वेतनाचे १० टक्के वजा करून उरलेली रक्कम. इथे तिसरी रक्कम सर्वांत कमी: ३ लाख ६० हजार वजा १ लाख, म्हणजे २ लाख ६० हजार. जुन्या पद्धतीत ही सूट, ५० हजारांची प्रमाणित वजावट आणि दीड लाखाची गुंतवणूक एवढे सगळे धरूनही उपकरासह कर सुमारे २ लाख ८५ हजार होतो. नव्या पद्धतीत काहीही न दाखवता तो सुमारे १ लाख ९२ हजार आहे. म्हणजे एचआरएच्या मोहापायी जुन्या पद्धतीत राहिले तर ९० हजारांवर नुकसान. मुलाने स्वतःच्या पगाराची फोड घेऊन हा ताळा एकदा करावा, आणि आकडे उलटे आले तरच एचआरए जमेला धरावा.

तरीही भाडे घेण्याला अर्थ आहे, पण कारणे वेगळी. आईवडिलांना निवृत्तीनंतर दरमहा उत्पन्न होते. मुलाला घरखर्चाची सवय लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घर कोणाचे आहे हे दर महिन्याला बँकेच्या नोंदीत लिहिले जाते. दुसरे भावंड असेल तर ही नोंद सोन्याच्या मोलाची ठरते.

मुलगा अजून शिकत असेल आणि त्याचा खर्च तुम्हीच पाठवत असाल, तर भाड्याचा देखावा करू नका. तुमचेच पैसे त्याच्या खात्यातून फिरून परत येण्याला भाडे म्हणत नाहीत. त्याला तसेच राहू द्या. स्वतःची दोन घरे तुम्ही स्वतःच्या वापरातली म्हणून दाखवू शकता, त्यांचे वार्षिक मूल्य शून्य धरले जाते आणि कर लागत नाही.

मग पैशांचा हिशेब

६० लाखांच्या फ्लॅटला ६० लाख पुरत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे इथे ४८ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही, तो खिशातून करायचा. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभार आणि मेट्रो उपकर धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. जुना फ्लॅट असेल तर सोसायटीची हस्तांतरण फी महापालिका क्षेत्रात कमाल २५ हजार. दलाली, वकील, कर्जाची प्रक्रिया फी धरली की हातात किमान १८ लाख लागतात. पंखे, गीझर, पडदे, स्वयंपाकघराचे फर्निचर त्यानंतर.

आता दरमहाचे गणित. ४८ लाख, साडेआठ टक्के व्याज, १५ वर्षे: हप्ता सुमारे ४७,३००. वडील पंचावन्नचे असतील आणि बँकेने दहाच वर्षे मुदत दिली तर हप्ता ५९,५०० च्या आसपास जातो. भाडे येणार २० हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स आणि मिळकतकर जाणार. म्हणजे दरमहा ३० ते ४० हजार रुपये तुम्ही घालत राहणार, आणि तेही निवृत्तीच्या तोंडावर. भाड्याचा परतावा किमतीच्या तीन-चार टक्के आणि कर्जाचे व्याज आठ-साडेआठ टक्के, ही दरी भावनेने भरत नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम कर्जाऊ घ्यावी लागत असेल तर थांबा. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी पूर्ण रिकामी करून घर घेऊ नका, सहा महिन्यांचे हप्ते आणि औषधपाण्याचे पैसे बाजूला राहिलेच पाहिजेत. मुलगा दोन-तीन वर्षांत बंगळुरूला किंवा परदेशी जाण्याची शक्यता असेल तर घेऊच नका. सात टक्के मुद्रांक शुल्क, दलाली आणि फर्निचर एवढ्या थोड्या काळात भरून निघत नाही. त्यापेक्षा त्याच्या भाड्यात थोडी मदत केलेली स्वस्त पडते.

घर कोणाच्या नावावर?

सगळ्या व्यवहारातला सर्वांत नाजूक निर्णय हाच, आणि तो निबंधक कार्यालयाच्या दारात उभे राहून घेतला जातो.

मुलाकडून भाडे घ्यायचे असेल तर मुलाचे नाव मालक म्हणून खरेदीखतात नको. स्वतःच्या मालकीच्या घराचे भाडे दाखवून एचआरए मिळत नाही. शिवाय निम्मा मालक स्वतःलाच भाडे देतो, या कराराला अर्थ उरत नाही. बँक म्हणते, मुदत वाढवायला मुलाला सहकर्जदार घ्या. कर्जात घेता येते, मालकीत न घेता. पण परिणाम समजून घ्या: मालकी नसल्याने त्याला व्याजाची वजावट मिळणार नाही, आणि हे कर्ज त्याच्या सिबिल नोंदीत, म्हणजे बँका पाहतात त्या कर्जाच्या इतिहासात, दिसेल. उद्या त्याला स्वतःचे घर घ्यायचे झाले तर त्याची कर्जाची पात्रता तेवढी कमी झालेली असेल.

आईच्या एकटीच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात निवासी घरावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. इथे ६० हजार वाचतात. आई आणि वडील दोघांच्या नावावर घेतले तर ही सवलत मिळत नाही, सगळे खरेदीदार स्त्रियाच हव्यात. मात्र पैसे वडिलांनी दिले आणि घर आईच्या नावावर झाले, तर भाड्याचे उत्पन्न आयकरात वडिलांच्याच उत्पन्नात मिळवले जाते. आईकडे स्वतःची बचत, माहेरचा वाटा किंवा पेन्शन असेल आणि खरेदीची रक्कम तिच्याच खात्यातून गेली असेल, तर उत्पन्नही तिचेच. म्हणून कोणाच्या खात्यातून किती रक्कम गेली याची बँकेची पाने खरेदीखताबरोबर जपून ठेवा.

आणि मुळात घर मुलाला द्यायचेच असेल तर? मग भाड्याचा घाट कशाला? पैसे त्याला भेट द्या आणि त्याने स्वतः घ्यावे. आईवडिलांकडून मिळालेल्या भेटीवर मुलाला कर नाही, आणि मूल सज्ञान असल्याने पुढचे उत्पन्न तुमच्या उत्पन्नात धरले जात नाही. घर आधी तुमच्या नावावर असले तरी महाराष्ट्रात निवासी घर मुलगा, मुलगी, नातवंड यांना बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. शहरात स्थानिक अधिभार मात्र वेगळा लागतो, म्हणून प्रत्यक्ष खर्च आधी काढून घ्या.

घर निवडताना

मुलाला आवडले म्हणून घेऊ नका. उद्या तो गेला तर हेच घर अनोळखी माणसाला भाड्याने जाईल का, हा प्रश्न विचारा. त्याच्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर, पण बस नाही आणि दुकान नाही, असे घर त्याची नोकरी बदलली की अडकते. पुण्याच्या कडेच्या भागांत, वाघोली, बावधन, हिंजवडीकडे, उन्हाळ्यात टँकर किती लागतात आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे का, हे सोसायटीच्या मागच्या वर्षाच्या हिशेबात पाहा.

जुना फ्लॅट असेल तर मागायचे कागद: आधीच्या सगळ्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला, मिळकतकराची आणि विजेची शेवटची पावती, विक्रेत्याच्या कर्जाची बँकेची स्थिती. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे हस्तांतरण, सोसायटीच्या नावे झाले आहे का, हेही विचारा. ते नसेल तर इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की अडचण येते.

बांधकाम सुरू असलेला फ्लॅट असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक टाकून प्रकल्पाची माहिती पाहा, आणि करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका. अशा फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी लागतो. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत, म्हणजे ४५ लाखांपर्यंत आणि ठरावीक क्षेत्रफळात, बसला तर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही. मुलाला आज राहायला हवे आहे, तेव्हा आमची पसंती तयार घरालाच आहे. ताबा लांबला तर हप्ता आणि बाहेरचे भाडे दोन्ही भरावे लागतात.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस (देतानाच कापायचा आयकर) कापून त्याच्या पॅनवर भरायचा असतो. इथे ६० हजार. हे विसरले तर व्याज आणि दंड खरेदीदारावर येतो. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागू होत नाही, दर खूप जास्त असतो. अशा वेळी सीएला विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

करार: घरचा असला तरी नोंदवायचाच

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर फक्त वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याहून मोठा धोका असा की वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे.

खर्च किरकोळ आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, आणि त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के मानीव व्याज मिळवायचे. २० हजार भाडे, ५० हजार डिपॉझिट, अकरा महिने: २ लाख २० हजार अधिक सुमारे ४,६०० रुपये, त्याचा पाव टक्का म्हणजे साडेपाचशेच्या थोडे वर. शहरी भागात नोंदणी फी हजार रुपये. आधार आणि अंगठ्याच्या ठशाने हे घरबसल्या होते. आईवडील कोल्हापुरात आणि मुलगी पुण्यात असली तरी अडत नाही. कराराची मुदत जास्तीत जास्त ६० महिने ठेवता येते. घरचाच भाडेकरू असल्याने तीन वर्षांचा करार आणि दरवर्षी ५ टक्के वाढ, हे सोयीचे पडते.

भाडे बाजाराइतकेच ठेवा. त्याच इमारतीतल्या तीन-चार फ्लॅटचे भाडे विचारून मधला आकडा घ्या. मुद्दाम कमी ठेवले तर आयकरात घराला मिळू शकणारे वाजवी भाडे धरले जाऊ शकते. मुद्दाम जास्त ठेवले तर एचआरएसाठी केलेला बनाव वाटतो.

करारात हे स्पष्ट लिहा: मेंटेनन्स कोण भरणार, वीजबिल कोण, दुरुस्ती कितीपर्यंत भाडेकरूची, फर्निचरची यादी, एक महिन्याची नोटीस, आणि घरात कोण कोण राहणार. शेवटची ओळ घरच्या करारात सर्वांत जास्त विसरली जाते. मुलगा खोली रिकामी म्हणून दोन मित्रांना घेतो आणि त्यांच्याकडून पैसे घेतो. कागदावर त्यांचे नावच नाही, सोसायटीला माहीत नाही, पोलिसांकडे नोंद नाही, आणि काही झाले तर जबाबदार मालक म्हणून तुम्ही. मित्र राहणारच असतील तर त्यांचे नाव करारात घ्या आणि त्यांचे भाडे थेट तुमच्या खात्यात येऊ द्या.

दर महिन्याला आणि दर वर्षाला

भाडे बँकेतूनच, ठरलेल्या तारखेला, आपोआप जाईल असे लावून ठेवा. आईवडिलांना भाडे देऊन एचआरए मागणे बेकायदा नाही, पण आयकर खाते ते बारकाईने तपासते. मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये आईला भाडे दिल्याचा एका करदात्या स्त्रीचा दावा फेटाळला. भाडे रोखीत होते, लिव्ह अँड लायसन्सचा करार नव्हता, सोसायटीला कळवलेले नव्हते. वर्षाचे भाडे लाखाच्या वर असेल तर मुलाने मालकाचा पॅन कंपनीला द्यावा लागतो. तिथे दिलेला आकडा आणि तुमच्या विवरणपत्रातला आकडा जुळला पाहिजे. भाडे महिना ५० हजारांच्या वर गेले तर मुलाला २ टक्के टीडीएस कापावा लागतो.

सोसायटीला राहणाऱ्याची माहिती पत्राने द्या, नाते स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. बिनवहिवाट शुल्क, म्हणजे सोसायटी भाडेकरूच्या नावाने घेते ती जादा रक्कम, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सदस्याचे जवळचे कुटुंबीय राहत असतील तर ते लावायचे नसते. समिती कराराकडे बोट दाखवून मागू लागली तर आदर्श उपविधींतला, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांतला, हा भाग दाखवा. पोलिसांकडे भाडेकरूची ऑनलाइन नोंद मुलगा असला तरी करून टाका, दहा मिनिटांचे काम आहे.

विवरणपत्रात हिशेब असा: वर्षाचे भाडे २ लाख ४० हजार, वजा तुम्ही भरलेला मिळकतकर समजा १० हजार, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट, राहिले १ लाख ६१ हजार. कर्ज नसेल तर एवढे उत्पन्न. कर्ज असेल तर यातून व्याज वजा होते. वरच्या ४८ लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी ते सुमारे ४ लाख असते, म्हणून भाड्यावर कर उरत नाही. उरलेला तोटा जुन्या पद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंत पगार किंवा पेन्शनमधून वजा करता येतो, नव्या पद्धतीत येत नाही.

भावंडे, लग्न आणि मृत्युपत्र

फ्लॅट घेताच त्याच महिन्यात मृत्युपत्र करा. एक मुलगा दहा वर्षे त्या घरात राहिला की त्याला ते आपले वाटू लागते, आणि दुसऱ्या भावंडाला त्यात निम्मा हिस्सा दिसत असतो. दोघेही खोटे नसतात, त्यांना कोणी काही सांगितलेले नसते. दोन साक्षीदारांसमोर सही पुरते, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. सोसायटीतल्या नॉमिनीच्या नावावर विसंबू नका. नॉमिनी वारस ठरेपर्यंत फक्त सांभाळणारा असतो, मालक नाही.

मुलाचे लग्न झाले की त्या घरात सून राहायला येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे की घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ते सामायिक घर ठरू शकते आणि सुनेला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. तिच्या संरक्षणासाठी ते योग्यच आहे. पण हे घर आपण कधीही विकू शकू, या भरवशावर म्हातारपणाचा सगळा बेत आखू नका. पुढे घर बक्षीसपत्राने मुलाला दिलेच, तर आपला सांभाळ करण्याची अट त्यात शब्दांत लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे अशी अट मोडल्यास ते हस्तांतरण रद्द करून मागता येते.

मुलगा घर सोडतो तेव्हा

करार मुदतीआधी संपत असेल तर रद्दलेख करा, डिपॉझिट बँकेतूनच परत द्या आणि सोसायटीला कळवा. त्याच्या सामानासकट, त्याच्याच नावाच्या करारावर नवा भाडेकरू बसवू नका. विकायचे ठरले आणि घर २४ महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल, तर नफ्यावर साडेबारा टक्के दराने कर बसतो. तेव्हा मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि मोठ्या सुधारणांच्या पावत्या खरेदी किमतीत मिळवता येतात, म्हणून त्या पहिल्या दिवसापासून खरेदीखताच्याच फाइलमध्ये लावत जा.